थकलेल्या एलियाला देवाने काय दिले?



आगमनकाळ आणि थंडी आपल्याकडे बरोबरच येतात. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला पहाटे उसाच्या शेतांवर धुके उतरते, गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटते, बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीलाच दारे लागतात. घरात गोठ्याची तयारी सुरू होते, तारा टांगला जातो, करंज्यांचा वास सुटतो. नाताळ जवळ आला म्हणून मुले आनंदात असतात. पण याच दिवसांत काही घरांत एखादी आई कोपऱ्यात गप्प बसलेली असते. एखादा बाप रात्र रात्र जागा असतो. त्यांना कुणी विचारले तर एकच उत्तर येते, “काही नाही, थंडी आहे ना.”

आज या थंडीबद्दल बोलायचे आहे. स्वेटरने न जाणाऱ्या थंडीबद्दल.

२०२० सालचा हिवाळा आठवा. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली होती. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण आपण मोबाइलच्या पडद्यासमोर बसून केला. महाराष्ट्रातील सगळी प्रार्थनास्थळे बंद होती, ती उघडली १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला. लेण्याद्रीचा गिरिजात्मज असो की आपले चर्च, भाविक जवळपास आठ महिने देवाच्या दारापासून दूर राहिले. नाताळला चर्चमध्ये पन्नासच माणसांना परवानगी होती. शहरांत २२ डिसेंबरपासून रात्रीची संचारबंदी होती, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा दिवसाउजेडी किंवा संध्याकाळीच उरकावी लागली. शेजाऱ्याच्या घरी फराळाचे ताट नेताना हात थांबत होता. जेथे एरवी अष्टविनायकाचे यात्रेकरू उतरतात, त्या लेण्याद्रीला कोविड केअर सेंटर झाले होते. मुंबई-पुण्यात कामाला गेलेली मुले गावी परतली होती, शेतमालाला बाजार नव्हता आणि खोकल्याचा आवाज आला की माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत होती.

पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एक हिवाळा भीतीत गेला. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण मनाची आणीबाणी अशी कुणाच्या घोषणेने संपत नाही. याच संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले होते की महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांच्या आजारांत सुमारे २५ टक्के वाढ झाली. त्या वाढलेल्या आकड्यात आपल्या धर्मग्रामातलीही माणसे आहेत. ज्यांना आपल्या माणसाचे तोंड शेवटचे पाहता आले नाही, ज्यांच्या दफनाला चार माणसेही उभी राहू शकली नाहीत, त्यांचा शोक अजून अर्धाच राहिला आहे. थंडीचे दिवस आले, तारा टांगला, की तो पुन्हा वर येतो.

अशा माणसाला देव काय म्हणतो? हे समजण्यासाठी आपण आज राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकोणिसावा अध्याय उघडू या.

झुडपाखाली बसलेला संदेष्टा

एलिया हा लहानसहान माणूस नव्हता. कर्मेल डोंगरावर त्याने एकट्याने साऱ्या राज्यापुढे देवाची साक्ष दिली होती. त्याच्या प्रार्थनेने पाऊस पडला होता. आणि त्यानंतर लगेच, ईजबेल राणीच्या एका धमकीने तो पार खचला. पळत पळत बैर-शेबापर्यंत आला. तेथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले आणि तो एकटाच रानात शिरला. एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे झाले, मला मरण दे.

बंधुभगिनींनो, हे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, हे म्हणणारा माणूस अविश्वासी नव्हता. इस्राएलच्या सर्वांत मोठ्या संदेष्ट्यांपैकी तो एक होता. प्रभू येशूच्या रूपांतराच्या वेळी डोंगरावर मोशेसोबत जो उभा होता, तो हाच एलिया. तेव्हा मन खचणे म्हणजे विश्वास संपणे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, खचलेल्या माणसाने पहिले काम काय केले? सोबतच्या माणसाला मागे ठेवले. मनाचा आजार नेहमी असेच करतो. ज्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच तो सांगतो, “कुणाला त्रास देऊ नकोस, एकटाच राहा.”

आता देव काय करतो ते पाहा. देव रागावत नाही. “काल एवढा चमत्कार पाहिलास आणि आज रडतोस?” असे विचारत नाही. एलिया झोपी जातो आणि देव त्याला झोपू देतो. मग देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो, आणि उशाशी काय असते? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देव पुन्हा झोपू देतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. उपदेशाचा एक शब्दही अजून झालेला नाही. आधी झोप, आधी भाकर, आधी पाणी.

शरीराची काळजी हीसुद्धा भक्ती आहे

आपण शरीर आणि आत्मा यांची फारच वेगळी वाटणी करतो. ज्याचे मन बिघडले आहे त्याला जपमाळ हातात देतो, पण तो चार रात्री झोपला आहे का, दोन वेळा जेवतो का, हे विचारत नाही. देवाने मात्र तेथूनच सुरुवात केली.

म्हणून हिवाळ्यात काही साध्या गोष्टी नेमाने पाळाव्यात. दिवस लहान असतो, तेव्हा सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. डोळ्यांना सकाळचा उजेड मिळाला की झोपेचे घड्याळ ठिकाणावर राहते. रोज ठरलेल्या वेळी उठावे, मग रात्र कशीही गेलेली असो. थोडे चालावे, एलियालाही देवाने पुढे चालायला लावले. भूक नसली तरी थोडे गरम खावे. झोप येत नाही म्हणून दारूचा आधार घेऊ नये. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते. रात्री अंथरुणात मोबाइलवर आजारपणाच्या आणि मृत्यूच्या बातम्या चाळत राहू नये. महामारीत ही सवय लागली, ती पुष्कळांची अजून सुटलेली नाही.

आपली जी मुले इंग्लंडला, कॅनडाला किंवा अमेरिकेला आहेत, त्यांची आठवण येथे मुद्दाम करतो. तिकडच्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो आणि पुष्कळांना त्या अंधाराने दरवर्षी उदासी येते. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा कितीतरी मुलांनी आईबापाचे दफन एका खोलीत बसून पडद्यावर पाहिले. अशा मुलांना फोन केला की आपण विचारतो, “जेवलास का? पगार वाढला का?” कधीतरी असेही विचारा, “बाळा, मन कसे आहे?”

गुहा आणि तिचे दार

चाळीस दिवस चालून एलिया होरेब डोंगरावर पोहोचला आणि एका गुहेत राहिला. गुहा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लेण्याद्री येते. कुकडी नदीच्या काठी, जुन्नरपासून पाच किलोमीटरवर त्या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. आज तेथे गणपतीचे देऊळ आहे, पण ही लेणी मुळात बौद्ध भिक्षूंसाठी, दोन हजार वर्षांच्या आसपास, कोरली गेली. ज्या सातव्या लेण्यात देऊळ आहे, तो त्या भिक्षूंचा विहार होता. त्याची रचना एकदा नीट पाहण्यासारखी आहे. मध्ये एकही खांब नसलेले मोठे दालन आणि त्याच्या तीन बाजूंना वीस लहान खोल्या. खोली एवढी लहान की एकट्याने बसावे, निजावे, ध्यान करावे. पण प्रत्येक खोलीचे दार उघडते ते मधल्या दालनातच. बाहेर पाऊल टाकले की समोर बाकीचे भाऊ.

ज्यांनी ही लेणी कोरली त्यांचा धर्म वेगळा होता. पण माणसाच्या मनाची एक गोष्ट त्यांना चांगली ठाऊक होती. माणसाला एकांत लागतो, आणि एकांताचे दार माणसांकडे उघडणारे लागते. शिवाय ती लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून थंडीतच तेथल्या ओसरीत ऊन येते.

महामारीत आपल्याला वेगळे राहावे लागले. चौदा चौदा दिवस एका खोलीत काढावे लागले. ते योग्यच होते, त्याने जीव वाचले. पण आजार गेल्यावरही काहींचे दार उघडलेच नाही. मिस्सेला येणे सुटले ते सुटले. भजनीमंडळ सुटले. शेजारी जाणे सुटले. “आता सवय राहिली नाही,” असे ते म्हणतात. आपण त्यांना आळशी म्हणतो, त्यांच्या श्रद्धेवर शंका घेतो. कदाचित ते अजून गुहेत बसलेले असतील आणि दारापाशी कुणी आलेलेच नसेल.

होरेबच्या गुहेत देवाने एलियाला एक प्रश्न केला की तू येथे काय करतोस? एलियाने आपले सारे गाऱ्हाणे सांगितले. मग वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला. देव त्यांत नव्हता. त्यानंतर अगदी मंद आवाज आला. एलिया तोंड झाकून गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. देवाने तोच प्रश्न पुन्हा केला आणि एलियाने तेच गाऱ्हाणे, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा सांगितले. देवाने तेही ऐकून घेतले. “हे तू मघाशी सांगितलेस,” असे तो म्हणाला नाही. ज्यांच्या घरी शोकात बुडालेले माणूस आहे, त्यांनी हे विसरू नये. तेच तेच दहा वेळा ऐकावे लागते. ऐकणे हेच तेथे औषध असते.

सोबत मागण्यात कमीपणा नाही

शेवटी देवाने एलियाला परत पाठवले. त्याला काम दिले. तो एकटाच उरलेला नाही, सात हजार माणसे देवाशी एकनिष्ठ आहेत, हे सांगितले. आणि त्याला एक सोबती दिला. तो सोबती म्हणजे बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरट चाललेल्या शेतातला अलीशा. आपल्यासारखाच शेतकरी. चाकराला मागे ठेवून निघालेला एलिया सोबत्याला घेऊन उठला.

नव्या करारातही हेच दिसते. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपले दुःख लपवले नाही. आपला जीव मरणाएवढा खिन्न झाला आहे, असे त्याने तिघा शिष्यांना सांगितले आणि जागे राहून सोबत करा, अशी विनंती केली. संत पौल तुरुंगात होता, थंडी तोंडावर आली होती. त्याने तीमथ्याला लिहिले की त्रोवस येथे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि हिवाळा सुरू होण्याआधी येऊन पोहोच. एवढा मोठा प्रेषित, पण थंडीसाठी झगा आणि मनासाठी मित्र मागायला त्याला लाज वाटली नाही.

मग आपल्याला डॉक्टरकडे जायला लाज का वाटते? पुणे जिल्ह्यात “येरवड्याला न्यायला पाहिजे” ही चेष्टा आपण लहानपणापासून ऐकतो. कुणाच्या तरी खऱ्या आजाराची आपण शिवी केली आहे. त्या एका चेष्टेमुळे किती माणसे उपचाराविना राहिली असतील, याचा हिशेब प्रभू आपल्याकडे मागेल. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय सांगतो की वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे आणि औषधे देवानेच भूमीतून उत्पन्न केली आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतग्रंथात मोकळेपणाने सांगितले होते की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते सहा महिने दर आठवड्याला एका यहुदी महिला मनोविश्लेषकाकडे जात होते. त्यांनी ते लपवले नाही, आपणही लपवू नये.

खूण साधी आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक सारा दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. पुरुषांत हे पुष्कळदा चिडचिडीतून आणि पिण्यातून दिसते. घरातल्या शांत मुलीकडे आणि एकाएकी भांडकुदळ झालेल्या मुलाकडेही लक्ष असू द्या. औषध दिले तर गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. जाणे जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते.

धर्मगुरूकडेही अवश्य या. प्रायश्चित्त संस्कारात पापांची क्षमा मिळते, मनाला शांती मिळते. पण नैराश्य हे पाप नाही, म्हणून त्याची कबुली देऊन ते जात नाही. धर्मगुरू आणि डॉक्टर दोघेही हवेत, जशी एलियाला भाकरही हवी होती आणि देवाची वाणीही.

जे गेले आणि जे मागे राहिले

एक गोष्ट जड अंतःकरणाने पण स्पष्ट सांगितली पाहिजे. काही घरांनी आपले माणूस आत्महत्येत गमावले आहे. ते घर दुहेरी दुःख सोसते. माणूस गेल्याचे एक आणि लोकांच्या कुजबुजीचे दुसरे. जीवन देवाची देणगी आहे, ते आपण संपवू नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहेच. पण १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ हेही शिकवतो की गंभीर मानसिक आजार, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. म्हणून त्या घरी जा. गेलेल्याचे नाव घ्या. त्याच्यासाठी मिस्सा ठेवा. न्यायनिवाडा देवावर सोडा, तो आपल्यापेक्षा दयाळू आहे.

आणि आज या पानापर्यंत वाचत आलेल्यांपैकी कुणाच्या मनात एलियासारखा विचार असेल, तर त्याला प्रेमाने एवढेच सांगणे आहे. तो विचार हा तुझा शेवट नाही, तो तुझ्या थकव्याचा आवाज आहे. आज रात्री एकटा राहू नकोस. घरात कुणाला तरी उठव, धर्मगुरूंचे दार वाजव, १४४१६ ला फोन कर. तुझ्या उशाशी भाकर ठेवणारा देव कुणाच्या तरी हातांनी येईल, पण दार उघडे ठेव.

आपण काय करावे?

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्या वृद्धांना चढवत नाही, त्यांना डोलीवाले उचलून वर नेतात. “तुमची श्रद्धा कमी म्हणून पाय दुखतात,” असे डोलीवाला कधी म्हणत नाही. तो खांदा देतो. मार्काच्या शुभवर्तमानात चौघांनी पक्षाघाती माणसाला असेच उचलून आणले, छप्पर उघडले आणि प्रभूपुढे सोडले. तेथे प्रभूने आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. ज्याच्या मनाला आज चढवत नाही, त्याच्यासाठी आपला विश्वास आपण आपल्या खांद्यावर दाखवायचा आहे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे:

१. महामारीत ज्यांच्या घरी मृत्यू झाला, अशा एका घरी जावे. भेटवस्तू नेली नाही तरी चालेल. गेलेल्याचे नाव घेऊन विचारावे आणि गप्प बसून ऐकावे.

२. मिस्सेला येणे सोडलेल्या एका माणसाला बोलवायला जावे. जाब विचारायला नको. “रविवारी मी इकडूनच जाणार आहे, बरोबर येता का?” एवढे पुरे.

३. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गरम जेवणाचा एक डबा रोज कोण देणार, हे शेजारच्या घरांनी मिळून ठरवावे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा विखुरलेल्या गावांत जी एकेकटी ख्रिस्ती घरे आहेत, त्यांना निदान आठवड्यातून एकदा फोन करावा.

४. घरात रोज रात्री जपमाळेनंतर प्रत्येकाने आपला दिवस कसा गेला हे दोन वाक्यांत सांगावे. मुलांनी सांगावे, तसेच बापानेही सांगावे.

नाताळच्या रात्री देवाचा पुत्र गोठ्यात जन्माला आला. बेथलेहेमच्या परंपरेने ती जागाही एक गुहाच मानली आहे. अंधाऱ्या, थंड गुहेत देव स्वतः राहायला आला. म्हणून आपल्यातल्या कुणाचीही गुहा आता देवाविना नाही. आपण फक्त तिच्या तोंडाशी जायचे आहे, हातात भाकर घेऊन.

प्रार्थना करू या: हे दयाळू पित्या, थकलेल्या एलियाला तू झोप दिलीस, अन्न दिलेस, सोबती दिलास. आमच्यातील ज्यांची मने खचली आहेत त्यांना तुझा स्पर्श होऊ दे. डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांच्या हातांना आशीर्वाद दे. महामारीत आम्हांला सोडून गेलेल्या आमच्या माणसांना तुझी चिरशांती दे आणि मागे राहिलेल्यांचे अश्रू पूस. आम्हांला ऐकणारे कान दे, खांदा देण्याचे बळ दे, आणि स्वतःला गरज पडेल तेव्हा सोबत मागण्याची नम्रताही दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.